केसांनी सरळ वागावं म्हणून

करमाळ्यात कुरळे केस घेऊन जन्माला येणं हा काही गुन्हा नाही, पण शिक्षा मात्र बालवाडीपासून सुरू होते. सकाळी शाळेच्या आधी आईच्या दोन गुडघ्यांच्या चिमट्यात डोकं, त्यावर पळीभर खोबरेल, मग बारीक दातांची फणी, आणि शेवटी लाल रिबिनीच्या दोन वेण्या. त्याही इतक्या करकचून, की भुवया वर चढाव्यात आणि पोरगी दिवसभर कशाचं तरी आश्चर्य वाटल्यासारखी वर्गात बसावी. एवढ्या बंदोबस्तातून ज्या चार बटा निसटतात त्यांच्यावरून वर्गात नाव पडतं. आजच्या पोरांना ‘मॅगी’ सुचतं, त्यांच्या आईबापांच्या पिढीला ‘सत्यसाईबाबा’ सुचायचं. पुढे कॉलेज येतं, मग नोकरी किंवा स्थळं येतात, आणि पाय आपोआप पार्लरकडे वळतात. रिबॉन्डिंगचं खूळ पुण्यामुंबईहून आलं असं म्हणायची पद्धत आहे. तसं काही नाही. केस सरळ करण्याचा उद्योग घरोघरी आधीपासून चालूच होता. पार्लरने गुडघ्यांच्या जागी फिरती खुर्ची आणली आणि कामाचे पैसे घ्यायला सुरुवात केली, इतकंच. माझं म्हणणं असं, की आपल्या भागात ज्या केसांवर ‘राठ’, ‘भुरे’, ‘पिंजारलेले’ असे शिक्के बसतात, त्यांतल्या बहुतेकांचा दोष केसांत नाहीच. तो बोअरच्या पाण्यात आहे, साबणाच्या वडीत आहे आणि कोरड्या फणीत आहे. म्हणजे आपण आरोपीला मोकळं सोडून फिर्यादीलाच इस्त्री करत बसलो आहोत.

पाण्यापासून सुरुवात करू, कारण आपल्याकडची कुठलीही चर्चा शेवटी तिथेच येऊन थांबते. करमाळा हा पर्जन्यछायेतला तालुका. वर्षाला पाचसहाशे मिलिमीटर पाऊस, तोही त्याच्या मनात आलं तर. श्रीदेवीच्या माळावर कमलाभवानीच्या देवळाजवळ जी प्रसिद्ध बारव आहे तिला ९६ पायऱ्या. हा आकडा देवीच्या हिशेबातला असेल, पण उतरणाऱ्याच्या गुडघ्यांना तो भूजलाचाच वाटतो. उजनीचा जलाशय तालुक्याच्या कडेला आला खरा, पण धरणाचा उपयुक्त साठा प्लसमध्ये आहे की मायनसमध्ये, यावर निम्म्या जिल्ह्याचा रक्तदाब अवलंबून. बाकी सगळा भरवसा बोअरवर. आणि बोअरचं पाणी काळ्या बेसाल्टच्या भेगांमधून येताना रिकाम्या हाताने येत नाही. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम बरोबर घेऊन येतं. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्याचा कठीणपणा लिटरला २०० मिलिग्रॅमच्या आत असावा, आणि दुसरी सोयच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यावा. यातलं ‘चालवून घ्यावा’ हे कलम आपण सर्वात निष्ठेने पाळतो. अशा पाण्यात डाळ शिजत नाही, गिझरच्या कॉइलवर पापुद्रे चढतात आणि साबण कितीही घासला तरी फेस यायचं नाव घेत नाही. फेसाऐवजी तयार होतो तो चिकट, करडा साका. तो निम्मा मोरीत जातो आणि निम्मा केसांवर बसतो. बादलीच्या कडेला बसलेला पांढरा थर आपण चिंच लावून घासतो. तोच थर डोक्यावर बसला की मात्र म्हणतो, ‘हिचे केस बापावर गेलेत.’

बापाचा काहीच दोष नाही असं म्हणता येणार नाही. कुरळा केस त्वचेतून बाहेर येतो तोच वाकत येतो, कारण तो ज्या पिशवीत तयार होतो तीच वाकडी असते. डोक्याच्या कातडीला स्वतःचं तेल सुटतं. सरळ केसावरून ते घसरत टोकापर्यंत पोचतं, कुरळ्या केसाच्या वळणांवर मात्र रखडतं. त्यामुळे मुळाशी तेलकट आणि टोकाला कोरडं, अशी परिस्थिती जन्मतःच असते. त्यात हवेची भर. केस हवेतलं पाणी शोषतो आणि सोडतो, आणि तसं करताना त्याची लांबी बदलते. जिनिव्हाच्या सोस्यूर या शास्त्रज्ञाने याच गुणाचा उपयोग करून, तेलाचा अंश काढलेल्या माणसाच्या केसापासून हवेतला दमटपणा मोजायचं यंत्र बनवलं आणि १७८३ साली त्याची माहिती प्रसिद्ध केली. ठणठणीत कोरड्या हवेतून पूर्ण दमट हवेत नेला, तर केस २ ते २.५ टक्क्यांनी लांबतो. वेधशाळांमध्ये पुढे कित्येक वर्षं केसावर चालणारे आर्द्रतामापक वापरात होते. म्हणजे ज्या गुणासाठी हवामानशास्त्राने केसाला यंत्रात बसवलं, त्याच गुणासाठी आपण त्याला पार्लरमध्ये बसवतो. करमाळ्यातली एखादी कुरळ्या केसांची बाई मे महिन्यात आरशासमोर उभी राहून ‘आज काय झालंय या केसांना’ म्हणते, तेव्हा ती तक्रार करत नसते. हवामानाचा अंदाज सांगत असते, आणि तो बऱ्यापैकी बरोबर असतो.

घरगुती प्रेसिंग मशीनचं अपयशही इथेच दडलेलं आहे. केसाच्या आत प्रथिनांचे धागे एकमेकांना मुख्यतः दोन प्रकारच्या बंधांनी धरून असतात. एक प्रकार हायड्रोजनचा, तो पाण्याने सुटतो आणि वाळल्यावर पुन्हा जुळतो. दुसरा गंधकाचा, तो पाण्याला दाद देत नाही. गरम पट्टी केसातलं पाणी घालवते, केस सरळ धरून ठेवलेला असतो, त्यामुळे हायड्रोजनचे बंध सरळ स्थितीतच जुळतात. बाई तयार होऊन बाहेर पडते. तेवढ्यात मृगाचा एक शिडकावा येतो आणि मंगल कार्यालयाच्या पायरीपर्यंत पोचेतो सगळं मूळपदावर. ‘मग नीट दाबून करायला पाहिजे होतं’ म्हणून दुसऱ्या खेपेला लोक केस अर्धवट ओले असतानाच दोनशे अंशांची पट्टी फिरवतात. तेव्हा येणारा चर्रर्र आवाज काम फत्ते झाल्याचा नसतो, केसाच्या आतल्या पाण्याची वाफ होत असल्याचा असतो. त्या वाफेने केसाच्या पोटात अक्षरशः बुडबुडे तयार होतात आणि केस तिथेच तुटतो. डॉक्टर याला ‘बबल हेअर’ म्हणतात. नाव गोड आहे, बाकी काही नाही.

आता फणी. कुरळे केस एकेकटे राहत नाहीत, चारपाच जण मिळून बट करून राहतात. वाळलेल्या केसांतून बारीक दातांची फणी ओढली की ही घरं फुटतात, प्रत्येक केस आपापल्या वाटेने उभा राहतो आणि डोकं दुप्पट दिसायला लागतं. मग ते दाबायला तेल, तेल काढायला साबण, साबणाचा साका काढायला पुन्हा फणी. कुरळे केस विंचरायचे ते ओले असताना, कंडिशनर किंवा रिठा-शिकेकाईचं बुळबुळीत पाणी अंगावर असताना, आधी बोटांनी आणि मग मोठ्या दातांच्या कंगव्याने, टोकाकडून मुळाकडे. इथे घरातल्या सासूबाई हमखास अडवतात: ‘रोज विंचरलं नाही तर जट होईल.’ हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. केसांकडे महिनोन्महिने पाहिलंच नाही तर गुंता होतो आणि गुंत्याची जट होते, हे खरं आहे. पण आपल्याकडे जटा वाढल्या त्या कंगव्याच्या आळसाने नाहीत; गुंता दिसला की ‘देवीचं आलंय, हात लावू नका’ म्हणून केस धुणं-विंचरणंच बंद करण्याने वाढल्या. त्या ओझ्याखाली बायकांच्या माना आखडल्या, डोक्यात जखमा झाल्या. अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या पुण्यातल्या कार्यकर्त्या नंदिनी जाधव यांनी गावोगाव जाऊन, घरच्यांची समजूत काढून अशा कितीतरी बायकांच्या जटा कापल्या. त्या आधी ब्यूटी पार्लर चालवायच्या, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. केसाला शास्त्राच्या नजरेने पाहायची सवय त्यांना धंद्यातच लागलेली असणार. तेव्हा सासूबाईंच्या आक्षेपाला उत्तर असं, की विंचरणं सोडायचं नाही, फक्त वेळ बदलायची.

तेलाच्या बाबतीत मात्र सासूबाई जिंकतात. खोबरेलातलं लॉरिक आम्ल आकाराने लहान आणि सरळ असल्यामुळे केसाच्या आत शिरतं आणि धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी करतं. सूर्यफुलाच्या आणि खनिज तेलाला ते जमलं नाही, असं मुंबईच्या दोन संशोधकांनी २००३ साली दाखवलं. ते दोघंही मॅरिकोत, म्हणजे खोबरेल विकणाऱ्या कंपनीतच कामाला होते, तेव्हा निष्कर्ष वाचताना एक भुवई वर ठेवायला हरकत नाही. पण तेल आत शिरतं हे नंतरही दिसून आलेलं आहे. फक्त ते न्हाण्याच्या आधी लावायचं, न्हाल्यावर चोपडून धुळीच्या रस्त्यावर हिंडायचं नाही. करमाळा-जेऊर रस्त्याची धूळ तेलाशी जितकी एकनिष्ठ राहते तितकी कुठलीच क्रीम राहत नाही.

एवढं सगळं बाजूला ठेवून माणसं पार्लरमध्ये जातात, तिथे काय चालतं तेही पाहू. काचेवर नावं असतात: स्मूदनिंग, रिबॉन्डिंग, केराटिन, बोटॉक्स, नॅनोप्लास्टिया. यातल्या बोटॉक्समध्ये बोटॉक्स नसतं. रिबॉन्डिंगमध्ये मात्र नावाप्रमाणे काम होतं. अमोनियम थायोग्लायकोलेटचं क्रीम लावून गंधकाचे बंध तोडायचे, केस दाबून सरळ करायचे, मग हायड्रोजन पेरॉक्साइडने ते बंध नव्या जागी जोडायचे. तोडलेले सगळे बंध परत जुळत नाहीत. जे राहतात तेवढ्याने केस कायमचा अशक्त होतो. त्यानंतर पथ्य: तीन दिवस केस धुवायचे नाहीत, बांधायचे नाहीत, कानामागेसुद्धा सरकवायचे नाहीत. करमाळ्यातल्या चालत्या घरात हे पथ्य कसं पाळायचं, याचा विचार क्रीम बनवणाऱ्याने केलेला दिसत नाही. चुलीपुढे मोकळे केस चालत नाहीत, डोक्यावर पदर घ्यायचा तर केस दबतात, स्कुटीवर हेल्मेट घालायचं तर बट वाकते. म्हणून मग ती बाई तीन दिवस मान ताठ ठेवून घरात वावरते, आणि भाजीत केस निघाला तर तो कुणाचा हे विचारावं लागत नाही, कारण तेवढा सरळ केस घरात दुसऱ्या कुणाचाच नसतो.

केराटिनची गोष्ट निराळी. त्यातल्या बऱ्याच मिश्रणांतून तापवल्यावर फॉर्मॅल्डिहाइड सुटतं. डोळे चुरचुरतात, नाक झोंबतं, आणि ‘थोडं होतं तसं’ असं सांगितलं जातं. फॉर्मॅल्डिहाइड पाण्यात विरघळवलं की त्याला फॉर्मॅलिन म्हणतात. अकरावी-बारावीच्या जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत बरणीतला बेडूक ज्यात वर्षानुवर्षं टवटवीत दिसतो, ते हेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००४ साली त्याला माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. मग ‘फॉर्मॅल्डिहाइड-फ्री’ मिश्रणं आली, त्यांत ग्लायऑक्सिलिक आम्ल आलं, आणि २०२४ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये फ्रेंच डॉक्टरांनी २६ वर्षांच्या एका स्त्रीची हकिकत दिली. तिने तीन वेळा केस सरळ करून घेतले आणि तिन्ही वेळा तिच्या मूत्रपिंडांना इजा झाली. डोक्याला लावलेलं मूत्रपिंडापर्यंत पोचतं, हे वाचून केसांविषयी नाही, तरी कातडीविषयी आदर वाढतो.

इथे घाबरवण्याचा आरोप होऊ शकतो, म्हणून दुसरी बाजूही मांडतो. अमेरिकेत सुमारे ३३,५०० स्त्रियांच्या पाहणीचे निष्कर्ष २०२२ साली आले. केस सरळ करणारी रसायनं कधीच न वापरणाऱ्यांत सत्तरीपर्यंत गर्भाशयाच्या कर्करोगाचं प्रमाण १.६४ टक्के, आणि वर्षात चारपेक्षा जास्त वेळा वापरणाऱ्यांत ४.०५ टक्के. संबंध दिसला, कारण सिद्ध झालं असं नाही. शिवाय करमाळ्यात वर्षातून चारपेक्षा जास्त वेळा रिबॉन्डिंग करण्याइतके पैसे उसाचं बिल वेळेवर मिळणाऱ्याकडेच असणार, त्यामुळे धोका आपोआपच आटोक्यात आहे. लग्नासाठी एकदा केस सरळ करून घेतले म्हणून कुणाच्या जिवावर बेतेल असं मी म्हणत नाही. मी म्हणतोय ते हिशेबाचं. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो आणि मुळाकडून वाढतो. दिवाळीत सरळ केलेल्या डोक्यावर आषाढीपर्यंत वरचे आठेक सेंटिमीटर वडिलांचे आणि खालचे पार्लरचे अशी वाटणी झालेली असते. मग ‘टचअप’. म्हणजे हा खर्च एकदाचा नाही, हप्त्याचा आहे, आणि या कर्जाला माफी मिळत नाही.

‘पण तिची हौस आहे, तुमचं काय जातं?’ असं विचारणाऱ्यांना उत्तर सोपं आहे: माझं काहीच जात नाही. सकाळची सोलापूरची एसटी पकडणाऱ्या नर्सबाईंना किंवा शाळेवर जाणाऱ्या मॅडमना सरळ केस आवरायला सोपे जात असतील, तर त्यांनी जरूर करावेत. वेळ वाचणं हे कारण सौंदर्यापेक्षा जास्त वजनाचं आहे. मला पटत नाही ते ‘चांगले केस म्हणजे सरळ केस’ हे गृहीतक. लोणावळ्याजवळ मळवलीला राजा रविवर्म्याचा छापखाना होता. तिथून निघून घरोघरच्या भिंतीवर गेलेल्या लक्ष्मी-सरस्वतीचे केस पाहा, चांगले लाटालाटांचे आहेत. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीच्या खांद्यावर बटा रुळतात. तिकडे युरोपात केस सरळ असलेल्यांनाही स्वस्थता नव्हती. १९०६ साली कार्ल नेसलर नावाच्या जर्मन माणसाने लंडनमध्ये रसायन आणि तापलेल्या पितळी कांड्या वापरून सरळ केसांना कायमचं कुरळं करायचं प्रात्यक्षिक दाखवलं. नंतरच्या ‘कोल्ड पर्म’मध्ये वापरलेलं थायोग्लायकोलेट तेच, जे आज उलट्या कामासाठी वापरतात. एकच बाटली, एका शतकात एकीकडे वळवायला आणि दुसरीकडे वळणं काढायला.

याहून धारदार आक्षेप असा, की कुरळे केस जपणं हाही आता बाजारच झाला आहे. खरं आहे. लीव्ह-इन, जेल, सॅटिनची उशी, केस पुसायचा खास टॉवेल, सगळ्यांची बेरीज केली तर रिबॉन्डिंग स्वस्त पडावं. पण यातल्या बहुतेक वस्तूंना आपल्या स्वयंपाकघरात आणि ट्रंकेत पर्याय आहेत. केस पुसायला खरखरीत टॉवेलपेक्षा जुन्या सुती लुगड्याचा तुकडा चांगला. घासायचं नाही, टिपायचं. जेलसाठी जवस. चटणीसाठी घरात असतोच. दोन चमचे जवस पेलाभर पाण्यात मंद आचेवर ठेवायचा, ढवळत राहायचं; थोड्या वेळाने पाणी अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखं ओघळायला लागतं. त्याच क्षणी गॅस बंद करून फडक्यातून गाळायचं. उशीर केला तर ते घट्ट होऊन फडकं, जवस आणि पातेलं असं एकजीव होतं की तिन्ही टाकून द्यावीशी वाटतात. हे बुळबुळीत पाणी ओल्या केसांना लावून बटा मुठीत दाबायच्या आणि वाळेपर्यंत हात लावायचा नाही. यातला शेवटचा भाग सर्वात अवघड. केळ्याच्या लेपापासून मात्र लांब राहावं. आपल्याच तालुक्यातल्या कंदरची केळी आखाती देशांपर्यंत जातात, ती खायला जातात; कुरळ्या केसांत अडकलेले केळ्याचे तुकडे काढायला लागणारा वेळ पाहिला तर निर्यातीचाच निर्णय शहाणपणाचा वाटतो. आणि पाण्याचं काय? पत्र्यावरून येणारं पावसाचं पाणी पहिल्या सरी सोडून पिंपात धरलं, तर त्यात क्षार जवळजवळ नसतात. शेवटचे दोन तांबे या पाण्याचे घेतले तरी फरक दिसतो. पण पाणीटंचाईच्या तालुक्यात पिंपभर पाणी डोक्यासाठी राखून ठेवलं हे शेजारच्यांना कळू देऊ नये.

पुरुषांचा प्रश्न यात येत नाही, कारण तो आपण फार पूर्वी निकालात काढला आहे. कुरळ्या केसांच्या पोराला खुर्चीत बसवून बाप ‘बारीक करा’ एवढंच सांगतो, आणि दोन सेंटिमीटरच्या आत कुठलाच केस कुरळा दिसत नाही. कुरळे केसवाला डोक्याने तापट असतो हा समजही बहुधा त्या खुर्चीतच तयार झाला असावा.

राहता राहिला वंशाचा मुद्दा. जुळ्या भावंडांवरच्या २००९ सालच्या एका ऑस्ट्रेलियन अभ्यासात, युरोपीय वंशाच्या लोकांमधल्या केसांच्या कुरळेपणातला ८५ ते ९५ टक्के फरक आनुवंशिक निघाला. पार्लरची पावती गुणसूत्रांना दाखवता येत नाही. त्यामुळे रिबॉन्डिंग केलेली नवरी आणि सरळ केसांचा नवरा यांच्या लग्नाचा खरा फोटो वर्षा-दोन वर्षांनी पाळण्यात दिसतो. ‘आमच्याकडे कुणाचेच असे नाहीत,’ असं बारशाला एकीकडून म्हटलं जातं, आणि दुसरीकडून आल्बम लपवला जातो. मग जावळ काढायचं ठरतं. एकदा जावळ काढलं की केस दाट आणि सरळ येतात, यावर दोन्ही घरांचं एकमत असतं, जे बाकी कशावरच नसतं. केसाचं मूळ कातडीच्या खाली तीनचार मिलिमीटरवर असतं आणि वस्तरा तिथवर जात नाही, ही गोष्ट कुणी काढत नाही. बाळाला मामाच्या मांडीवर बसवतात, बाळ रडून गाव गोळा करतं, देवीला नारळ फुटतो. सहा महिन्यांनी बटा पुन्हा बाहेर येतात, आधीपेक्षा गोल. तेव्हा आत्याबाई निकाल देतात, की न्हाव्याने वस्तरा उलटा फिरवला. आणि थोडा वेळ थांबून पुढे म्हणतात, की मामाच्याही मांडीत दोष असतो.